आभा क्रमांक आणि रुग्णांचा डेटाबेस

नंदुरबार, धुळे, जळगावच्या सरकारी दवाखान्यांत केसपेपर काढताना आता आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक) विचारला जातो, आणि तो दिला की आपली सगळी माहिती सरकारच्या एका मोठ्या संगणकात जमा होऊन तिथूनच डॉक्टरांना रोग कळतो, अशी समजूत रांगेतल्या अनेकांची असते. तिच्यात आभा क्रमांक आणि रुग्णांच्या नोंदींचा एकत्र साठा, म्हणजे डेटाबेस, या दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

आभा हा 14 अंकी क्रमांक एकाच माणसाच्या नोंदी जोडतो. अहवाल जिथे तयार झाला त्या रुग्णालयाकडेच राहतो आणि रुग्णाच्या संमतीनेच दुसऱ्या डॉक्टरांना दिसतो. धडगावहून ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या बाईचे सांधे असह्य दुखू लागले, तर तिचा जुना सिकलसेलचा (अशा वेदना देणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचा) अहवाल तिथल्या डॉक्टरांना मोबाइलवर दिसणे फार मोलाचे आहे.

डेटाबेसमध्ये मात्र हजारो रुग्णांच्या नोंदी, नावे वगळून, एकत्र अभ्यासल्या जातात, आणि एका फाइलमध्ये कधीच दिसणार नाही असे काही त्यांतून दिसते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीचेच (HbA1c) पाहा. हा आकडा 6.5 टक्के किंवा त्याहून अधिक आला की मधुमेह मानतात. अमेरिकेतील चार हजारांहून अधिक आफ्रिकी-अमेरिकी लोकांच्या नोंदी एकत्र तपासल्यावर 2017 मध्ये असे आढळले, की रक्तातील साखर तेवढीच असूनही सिकलसेलच्या वाहकांमध्ये (आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच त्याचे जनुक आलेल्यांमध्ये) हा आकडा सुमारे 0.3 ने कमी येतो. म्हणजे वाहकाच्या अहवालावरचा 6.3 हा आकडा पाहून डॉक्टरांना मधुमेह नाही असे वाटू शकेल आणि असलेला मधुमेह निदानाविना राहील. हा अहवाल आभाला जोडलेला असला, तरी ही चूक त्यातून उमगत नाही.

पण तो अभ्यास सातपुड्यातील भिल्ल-पावरा समाजाचा नव्हता, आणि ज्यांच्या नोंदी डेटाबेसमध्ये नाहीत त्यांच्याविषयी तो खात्रीने बोलू शकत नाही, ही मला सर्वांत गंभीर बाब वाटते. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. त्यातील वाहकांच्या नोंदी, संमती घेऊन आणि नावे वगळून, त्यांच्याच साखरेच्या अहवालांशी जोडल्या, तर आपल्या भागाचे उत्तर आपल्याच नोंदींतून मिळेल. तोपर्यंत वाहक रुग्णाची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही तपासून घ्यावी.