मॅनहोलपाशी थांबलेला कायदा

विषारी वायू साचू शकेल अशा टाकीत किंवा खड्ड्यात कामगार उतरवायचा, तर आतली हवा तपासून जाणकाराने लेखी दाखला द्यायचा. नाहीतर तोंडाला श्वसनयंत्र, अंगाला पट्टा आणि त्याच्या दोराचे टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात. १९४८च्या कारखाने अधिनियमाचे कलम ३६ हे सांगत होते, आणि हा अधिनियम सरकारी कारखान्यांनाही लागू होता. मैलापाणी उपसणारे पंपिंग स्टेशनसुद्धा त्याच्या व्याख्येत बसत होते. पण तेच मैलापाणी जिथून येते, त्या मॅनहोलमध्ये उतरणारा पालिकेचा सफाई कामगार बाहेर राहिला. रस्ता म्हणजे कारखाना नव्हे!

१९९३चा कायदा हाताने मैला उचलण्याविरुद्ध आणि कोरड्या संडासांविरुद्ध होता. गटारातल्या मृत्यूंवर त्यात उत्तर नव्हते. ‘सफाई कर्मचारी आंदोलन’ या संघटनेने २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ती चालू असतानाच नवा कायदा झाला आणि ६ डिसेंबर २०१३ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, अमलात आला. संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे आता गुन्हा ठरले. कारखान्यातल्या टाकीला मिळालेले संरक्षण देशाच्या कायद्यात गटारापर्यंत यायला ६५ वर्षे लागली, आणि त्या कामावर कोणत्या जातींची माणसे होती हे लक्षात घेतल्याशिवाय या उशिराचा अर्थ लागत नाही.

त्याच याचिकेवरच्या मार्च २०१४च्या निकालाने १९९३पासूनच्या प्रत्येक गटारबळीच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३मध्ये न्यायालयाने ही भरपाई ३० लाखांवर नेली. भरपाई वाढली, ते योग्यच झाले. पण २०१३च्या कायद्याच्या अंमलबजावणीचा मोठा भार स्थानिक संस्थांवर आहे, म्हणजे जी कामगाराला उतरवते तिच्यावरच. शिवाय मध्ये कंत्राटदार असला की मालक कोण, यावरच वर्षे जातात. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी एप्रिल २०१७पर्यंत, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले.

२०२०च्या व्यवसायजन्य सुरक्षा व आरोग्य संहितेने कारखाने अधिनियमासह १३ कायदे एकत्र केले. नोव्हेंबर २०२५मध्ये ती लागू झाली. केंद्र आणि राज्य सरकारांची कार्यालये मात्र तिने वगळली. तिथल्या कंत्राटी कामगारांना ती लागू आहे, कायम कर्मचाऱ्यांना नाही. खासगी मालकावर जसा बाहेरचा निरीक्षक असतो, तसा सरकार आणि पालिका या मालकांवरही हवा. सुधारणेची सुरुवात ही सूट काढण्यापासूनच व्हायला हवी.