संत्र्याची जुनी साल आणि चिनी खोकल्याचा काढा

चिनी वैद्यकात वाळवून मुरवलेल्या संत्र्याच्या सालीला चेनपी म्हणतात. ताजी साल कोणी फारशी विचारत नाही, मान असतो तो जुन्या सालीला. थाओ होंगजिंग (456–536) या वैद्याने जितकी जुनी तितकी चांगली अशी सहा औषधं सांगितली, त्यांत ही साल आहे. जुना गूळ आणि जुनं तूप औषधी मानणाऱ्या आपल्या वैद्यांना यात नवल वाटायचं नाही.

खोकल्याशी तिचं नातं पक्कं झालं ते सोंग राजवटीत (960–1279). सरकारी औषधालयाच्या औषधी मिश्रणांच्या संग्रहात ‘अरचेन तांग’ हा काढा आला. त्यात बानशिया नावाचा कंद आणि साल समप्रमाणात, शिवाय फूलिंग ही बुरशी, थोडं ज्येष्ठमध आणि उकळताना आल्याच्या चकत्या. बानशिया कच्चा असताना विषारी असतो, त्यामुळे त्यावर आधी प्रक्रिया करावी लागते. काढा कोरड्या खोकल्यासाठी नव्हे, तर पांढरा, भरपूर कफ पडणाऱ्या खोकल्यासाठी. यामागचा तर्क असा, की कफ तयार होतो पचन बिघडल्याने, छातीत तो फक्त साठतो. म्हणून आधी पोट सावरायचं.

वैद्य ली शिझेनच्या ‘बेनत्साओ गांगमू’ या औषधी ग्रंथात (छपाई 1596) आणखी बारकावा आहे: आतला पांढरा थर ठेवला तर साल पोटासाठी, खरवडून काढला तर फुप्फुसांसाठी. उत्तम साल दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगची, असंही त्याने नोंदवलं. पुढे तिथल्या शिनह्वेचं नाव सालीला जे चिकटलं ते कायमचं. शिनह्वेत फळाला चिरा देऊन साल देठाच्या विरुद्ध टोकाशी जोडलेल्या तीन पाकळ्यांत सोडवतात, आतली बाजू वर करून उन्हात वाळवतात आणि किमान तीन वर्षं मुरवतात. मधूनमधून पुन्हा ऊन द्यावं लागतं, नाहीतर बुरशी धरते. 2006 मध्ये शिनह्वेच्या चेनपीला भौगोलिक मानांकनाचं संरक्षण मिळालं. साल इतकी मोलाची, की आतला गर अनेकदा टाकूनच दिला जाई.

जिथे वयावर भाव ठरतो तिथे नक्कल आलीच: नवी साल चहाच्या पाण्यात रंगवून जुनी म्हणून खपवतात. प्रयोगशाळेतून सालीत हेस्परिडिनसारखी द्रव्यं सापडली आहेत, पण मुरताना तिचं सुगंधी तेल कमी होत जातं. खोकल्यावर एकटी साल कितपत लागू पडते, याचा ठोस पुरावा तुटपुंजाच आहे. चिनी वैद्यांनीही तिला बहुतेक वेळा दुसऱ्या औषधांच्या जोडीनेच दिलं.