रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांवरील संशोधनासाठी फ्लोरोसंट अँटीबॉडी: कोकणातील प्रयोगशाळांसाठी अर्ज, पात्रता व कागदपत्रे

फुरसे या सापाच्या विषातील एक घटक प्रोथ्रॉम्बिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाला थेट सक्रिय करतो आणि त्यामुळे दंश झालेल्याच्या रक्तातील फायब्रिनोजेन, म्हणजे ज्यापासून गुठळी बनते ते प्रथिन, झपाट्याने संपत जाते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसे सर्वत्र आढळत असल्याने, येथील वैद्यकीय व जीवशास्त्र विभागांना या विषयाच्या अभ्यासासाठी फायब्रिनोजेन ओळखणारी फ्लोरोसंट अँटीबॉडी (त्या प्रथिनाला चिकटणारे, चमकणारा रंग जोडलेले प्रतिपिंड) लागू शकते. ‘केवळ संशोधनासाठी’ अशी नोंद असलेल्या अँटीबॉडीच्या आधारे रुग्णाचा अहवाल देता येत नाही, त्यामुळे अर्जातील उद्देशही संशोधनाचाच असावा.

अर्ज संस्थेच्या नावे, विभागप्रमुखांमार्फत करावा. मंजूर प्रकल्पाच्या प्रमुख संशोधकाने तो करणे सोयीचे, पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या सहीने करावा. सोबत प्रकल्पाचे मंजुरीपत्र, कोटेशन, उत्पादकाची डेटाशीट (तांत्रिक माहितीपत्रक) आणि मानवी रक्त वापरायचे असल्यास एथिक्स कमिटीची मंजुरी जोडावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रुग्णालयात तपासणीनंतर उरलेल्या व ओळख पटू न शकणाऱ्या नमुन्यांच्या प्रस्तावाचा जलद आढावा घेता येतो. तरीही तो निर्णय समितीचा असतो, संशोधकाचा नव्हे. संस्थेची स्वतःची समिती नसल्यास दुसऱ्या संस्थेच्या समितीशी लेखी करार करून तिच्याकडे जाता येते.

फाईल अडते ती बहुधा वर्णनापाशी. ‘फायब्रिनोजेनची अँटीबॉडी, एक नग’ एवढ्यावर खरेदी विभाग तुलनात्मक तक्ता करू शकत नाही. ती कोणत्या प्राण्यात तयार झाली, मोनोक्लोनल (एकाच पेशीवंशातून आलेली) असल्यास क्लोन, म्हणजे तो पेशीवंश, कोणता, मानवी प्रथिनाशी जुळते का, फ्लो सायटोमेट्रीसाठी (लेसरसमोरून पेशी एकेक नेऊन मोजण्याची पद्धत) तपासलेली आहे की सूक्ष्मदर्शकासाठी, आणि रंग कोणता, हे सारे लिहावे. एफआयटीसी हा रंग सुमारे ४९५ नॅनोमीटरला प्रकाश शोषून ५२० च्या आसपास हिरवा देतो, म्हणून यंत्रात ४८८ नॅनोमीटरचा लेसर आहे का, हे आधी पाहावे. फायब्रिनोजेनच्या अनेक अँटीबॉडी फायब्रिनला (फायब्रिनोजेनपासून बनणारे गुठळीचे धागे) आणि त्याच्या विघटनातून आलेल्या तुकड्यांनाही चिकटतात. फुरसेदंशाच्या नमुन्यात असे तुकडे भरपूर असू शकतात, त्यामुळे डेटाशीटमधील हा तपशील किमतीपेक्षा अधिक बारकाईने वाचावा. उत्पादक एकच असल्यास तसे प्रमाणपत्र जोडावे. केंद्रीय निधीच्या खरेदीत त्यासाठी २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील एकाच पुरवठादाराकडून खरेदीविषयीचा नियम १६६ लागू होतो.

पुरवठ्याची अट ऑर्डरमध्येच नमूद करावी. ही अँटीबॉडी सहसा २ ते ८ अंश सेल्सिअसला, अंधारात आणि न गोठवता ठेवावी लागते, म्हणून मुंबईहून माल आठवड्याच्या सुरुवातीलाच निघावा, शनिवार-रविवार कुरिअरच्या गोदामात पडून राहू नये. पावसाळ्यात वीज जाते हे गृहीत धरून फ्रिजला बॅकअप असल्याची खात्री करावी. पार्सल आल्याबरोबर उघडून जेलपॅक थंड आहे का ते पाहावे, लॉट क्रमांक व तारीख साठा नोंदवहीत लिहावी, आणि खोका कोमट लागल्यास छायाचित्रासह पुरवठादाराला त्याच दिवशी लेखी कळवावे.