ज्याचा हिशेब त्याच्याच गळ्यात: इस्लाममधील परलोकविचाराची पार्श्वभूमी

‘अल्लाहवर आणि अंतिम दिवसावर श्रद्धा’ ही जोडी कुरआनात वारंवार येते. मृत्यूनंतर माणूस पुन्हा उठवला जाईल, त्याच्या कृत्यांची झडती होईल आणि त्यानुसार त्याला जन्नत किंवा जहन्नम मिळेल, ही आखिरतची कल्पना इस्लामच्या मूळ श्रद्धांपैकी एक आहे. त्या दिवसाच्या अनेक नावांपैकी एक ‘यौम-उल-हिसाब’, म्हणजे हिशेबाचा दिवस. मराठीतला ‘हिशेब’ याच अरबी शब्दावरून आला आहे. मात्र हा विचार सातव्या शतकाच्या आरंभी मक्केत प्रथम मांडला गेला, तेव्हा तो ऐकणाऱ्यांना इतका का झोंबला, हे समजण्यासाठी त्याआधीचा अरबी समाज पाहावा लागतो.

त्या समाजात माणसाची ओळख, त्याचे संरक्षण आणि त्याचे उत्तरदायित्व हे सारे टोळीकडे होते. एखाद्याने खून केला, तर त्याचा सूड त्याच्या टोळीतील दुसऱ्या कुणावर उगवला तरी चालत असे आणि रक्ताची भरपाईही टोळी मिळून देत असे. मृत्यूनंतर उरायचे ते नाव, तेही कवींनी गायले तर. माणसाचा शेवट करतो तो ‘दह्र’, म्हणजे सर्वांना गिळणारा काळ. ‘आमचे जीवन ते या जगातलेच, आम्ही मरतो, जगतो आणि आम्हाला नष्ट करतो तो केवळ काळ,’ हे विरोधकांचे म्हणणे कुरआनानेच नोंदवून ठेवले आहे (अध्याय ४५, आयत म्हणजे वचन २४; पुढेही संदर्भ याच क्रमाने).

इ.स. ६१० च्या सुमारास हिरा गुहेत मुहंमद पैगंबरांना पहिला संदेश मिळाला, अशी मुस्लिमांची श्रद्धा आहे. परंपरा सांगते की, मक्केतील एक विरोधक जीर्ण झालेले हाड घेऊन त्यांच्याकडे आला, ते त्याने बोटांनी चुरडले आणि या भुग्यात पुन्हा प्राण कोण घालणार, असे विचारले. ज्याने ते पहिल्यांदा घडवले तोच, हे कुरआनाचे उत्तर (३६:७८-७९). पण हाडाचा प्रश्न वरवरचा होता, असे मला वाटते. खरा सल हिशेबाचा होता. मक्का हे व्यापाऱ्यांचे नगर, आणि तिथे सांगितले जात होते की स्वतः घेताना माप पुरेपूर घेणाऱ्यांना आणि दुसऱ्याला देताना ते मारणाऱ्यांना उठवले जाणार आहे (८३:१-५); जिवंत पुरलेल्या मुलीलाच विचारले जाणार आहे की तुला कोणत्या अपराधासाठी मारले (८१:८-९). जिच्या वतीने बोलायला टोळीतला एकही माणूस उभा राहिला नसता, तिचीच साक्ष आधी, ही कल्पना आजही वाचताना अंगावर काटा आणते.

या शिकवणीचा गाभा एका प्रतिमेत सापडतो. पक्ष्याच्या उड्डाणावरून शकुन पाहण्याची चाल अरबांत होती. पक्षी कोणत्या बाजूने उडाला यावर नशीब ठरे. कुरआनाने तोच शब्द उचलला आणि म्हटले की प्रत्येक माणसाचा ‘पक्षी’ आम्ही त्याच्याच गळ्यात बांधला आहे. त्या दिवशी त्याच्यासमोर एक उघडे पुस्तक येईल आणि त्याला सांगितले जाईल, वाच तुझे पुस्तक, आज तुझा हिशेब करायला तू स्वतःच पुरेसा आहेस (१७:१३-१४). आकाशात भिरभिरणारे नशीब अशा रीतीने माणसाच्या स्वतःच्या कृत्यांशी बांधले गेले. लगेच पुढच्या आयतीत येते की कुणीही ओझे वाहणारा दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही. हे वचन कुरआनात आणखी चार ठिकाणी आहे. रक्ताच्या नात्यालाही सूट नव्हती. आपल्या जवळच्या नातलगांना सावध करण्याची आज्ञा झाल्यावर पैगंबरांनी आपल्या लेकीला, फातिमा यांना, नाव घेऊन सांगितले की माझ्या मालमत्तेतून हवे ते माग, पण अल्लाहसमोर मी तुझ्या काही उपयोगी पडू शकणार नाही.

कबरीत प्रश्न विचारणारे मुनकर व नकीर आणि जहन्नमवरून जाणारा सिरातचा पूल यांचे सविस्तर चित्र पुढे हदीसींमधून, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींमधून, भरले गेले. कृत्यांचा तराजू आणि उजव्या वा डाव्या हाती मिळणारे कर्मपत्र मात्र कुरआनातच आहे.

पैगंबरांच्या निधनानंतर (६३२) वादाचे स्वरूप पालटले. ६५७ च्या सिफ्फीनच्या लढाईत मुस्लिमच मुस्लिमांविरुद्ध उभे ठाकले आणि मोठे पाप करणारा श्रद्धावंत राहतो का, हा प्रश्न तातडीचा झाला. खवारिज या कडव्या पंथाने त्याला धर्माबाहेर काढले. मुर्जिया या पंथाने निवाडा अल्लाहवर सोडला. पाठोपाठ अधिक खोल पेच आला: सर्व काही देवाच्या इच्छेने घडत असेल, तर माणसाला जाब कसा विचारायचा? तेव्हा राज्य करणाऱ्या उमय्या खलिफांच्या घराण्याला दैववाद सोयीचा होता, कारण मग जुलूमही विधिलिखितच ठरे. माणूस आपल्या कृत्याचा कर्ता आहे असे मानणारे दमास्कसचे गैलान यांना खलिफा हिशामच्या काळात देहदंड झाला. पुढे मुतझिला या बुद्धिवादी धर्मपंडितांनी ईश्वरी न्याय हेच सूत्र धरले आणि न्यायासाठी मानवी स्वातंत्र्य अटळ ठरवले. धर्मपंडित अल-अशअरी (मृत्यू ९३६) यांनी मधला मार्ग काढला: कृत्य निर्माण करतो तो अल्लाह, पण माणूस ते ‘कमावतो’ आणि या कमाईपुरता तो उत्तरदायी असतो. या ‘कस्ब’, म्हणजे कमाईच्या, सिद्धान्ताने पेच पूर्ण सुटला असे म्हणवत नाही. तरी देवाचे सामर्थ्य आणि माणसाची जबाबदारी, दोन्हींपैकी एकही न सोडण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता.

धर्मपंडित अल-गझाली (१०५८-११११) यांनी ग्रीक विचार मानणाऱ्या मुस्लिम तत्त्वज्ञांवर ठेवलेल्या तीन सर्वांत गंभीर आरोपांपैकी एक देहाचे पुनरुत्थान नाकारल्याचा होता आणि दुसरा, देवाला केवळ सामान्य तत्त्वांचे ज्ञान असते, एकेका घटनेचे नाही, असे म्हटल्याचा. दोन्हींचा धागा एकच आहे, कारण एकेक कृत्य ठाऊकच नसेल तर एकेकाचा हिशेब होणार कसा?

दरम्यान सूफींनी हा हिशेब मृत्यूपलीकडून रोजच्या दिवसात आणला होता. बसऱ्यात जन्मलेले हारिस (७८१-८५७) हे ‘मुहासिबी’, म्हणजे स्वतःचा हिशेब घेणारे, याच नावाने ओळखले गेले. माणसांशी असलेल्या देण्याघेण्याला, ‘हुकूक-उल-इबाद’ला, या परंपरेत वेगळे वजन आहे. एका हदीसीत खरा दिवाळखोर कोण, हे सांगितले आहे: जो नमाज, रोजे आणि जकात घेऊन येतो, पण ज्याने कुणाला शिवी दिली, कुणाचे धन लाटले, कुणाला मारले, त्याचे पुण्य एकेका पीडिताला वाटले जाते आणि ते संपले की त्यांची पापे त्याच्यावर घातली जातात.

बुखारी यांच्या हदीससंग्रहातला एक प्रसंगही याच धाटणीचा आहे. एका मृताची अंत्ययात्रा पैगंबरांसमोर आणली गेली. मागे काही ठेवले आहे का, असे त्यांनी विचारले. उत्तर आले, नाही. कर्ज आहे का? तीन दिनार. तेव्हा त्यांनी स्वतः जनाजाची, म्हणजे अंत्यविधीची, नमाज पढण्यास नकार दिला आणि ती इतरांना पढण्यास सांगितले. पैगंबरांचे सोबती अबू कतादा पुढे होऊन म्हणाले की आपण नमाज पढावी, त्याचे कर्ज माझ्यावर. मगच पैगंबर नमाजसाठी उभे राहिले.