तायक्वांदो म्हणजे 'कोरियन कराटे' नाही, आता तरी हे बंद करूया

क्लास सुटायच्या वेळेला गेटवर उभ्या असलेल्या पालकांना विचारा, मुलगा काय शिकतो, तर जवळपास सगळे म्हणतात "कराटे". मुलाच्या अंगात व्ही-गळ्याचा डोबोक म्हणजे तायक्वांदोचा पोशाख, पाठीवर हे मोठ्या अक्षरात तायक्वांदो लिहिलेलं, बॅगेतनं छातीचा गार्ड बाहेर डोकावतोय, तरी कराटे. बरं, पालकांचं एकवेळ समजू शकतो, पण क्लासवालेच जेव्हा एकाच बॅनरवर "कराटे-तायक्वांदो-कुंग फू-सेल्फ डिफेन्स" असं सगळं एका ओळीत छापतात आणि वर ब्रूस लीचा फोटो लावतात तेव्हा मला खरंच राग येतो, कारण ब्रूस ली यातलं कराटेही करत नव्हता आणि तायक्वांदोही नाही, तो हाँगकाँगमध्ये विंग चुन हा कुंग फूचा प्रकार शिकून मोठा झाला आणि पुढे त्याने स्वतःची पद्धत काढली. 

मी शाळेत असताना शोटोकान कराटे शिकलो, ब्लॅक बेल्ट झालो, मग नोकरीसाठी शहर बदललं, तिथे घराजवळ तायक्वांदोच होतं म्हणून त्या क्लासला जायला लागलो आणि तिकडचाच होऊन गेलो, आता शनिवार-रविवारी ज्युनियर बॅचला सरांना मदत करतो. म्हणजे दोन्हीवर माझा जीव आहे, एकाला वर चढवून दुसऱ्याला खाली पाडायला हे लिहीत नाहीये.

कराटे तुम्हाला माहितीच आहे. ओकिनावा बेटावरची विद्या, 1922 मध्ये गिचिन फुनाकोशींनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं आणि तिथनं ती जपानभर पसरली, शोटोकान, गोजू-रयू, शितो-रयू, वाडो-रयू अशा शैली झाल्या, किहोन (मूळ टेक्निक), काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) आणि कुमिते (फाइट) असा सगळा अभ्यास. गल्लोगल्ली क्लास आहेत, कोणीतरी चुलतभाऊ यलो बेल्टपर्यंत जाऊन सोडून आलेला असतोच. पुढे जाऊया.

वरवरचे फरक पटकन सांगतो. कराटेचा पोशाख म्हणजे गी समोरनं एकावर एक येतो आणि बांधतात, तायक्वांदोचा डोबोक डोक्यातनं घालतात. तिकडे एक-दोन-तीन मोजतात इची-नी-सान, इकडे हाना-दुल-सेत. तिकडे ब्लॅकच्या आधी ब्राऊन बेल्ट, इकडे रेड. तिकडे काता, इकडे पूमसे. हे पाठ करून काही उपयोग नाही, पहिल्या आठवड्यात मुलं आपोआप शिकतात.

मग येतं ते लाडकं वाक्य, "कराटे हाताचं आणि तायक्वांदो पायाचं." हे इतक्या वेळा ऐकलंय की आता कोणी म्हणायला लागलं की मी मध्येच थांबवतो. कराटेच्या स्पर्धेत पंचला 1 पॉइंट, पोटावरच्या लाथेला 2 आणि डोक्यावरच्या लाथेला 3, म्हणजे सगळ्यात महाग लाथच आहे ना. आणि तायक्वांदोचे पूमसे बघा, ब्लॉक, पंच, चाकूहात, कोपर, अर्ध्याहून जास्त काम हातांचंच. तायक्वांदोच्या फाइटमध्ये पाय जास्त दिसतात हे खरंय, पण ते मूळ कारण नाही, परिणाम आहे. मूळ कारण वेगळंच आहे आणि तेच कोणी सांगत नाही.

फरक हा आहे की वार शेवटी कुठे थांबायचा.

7 ऑगस्ट 2021, टोकियो ऑलिंपिक, कराटे, पुरुषांची 75 किलोवरची फायनल. सौदीचा तारेग हमेदी 4-1 ने पुढे, समोर इराणचा सज्जाद गंजजादेह. हमेदीने उंच लाथ घातली, ती अशी बसली की गंजजादेह जागेवर आडवा, स्ट्रेचरवरनं बाहेर नेला त्याला. आणि गोल्ड मिळालं गंजजादेहला. हमेदी डिस्क्वालिफाय, कारण त्याने वार आवरला नाही. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर सगळे विचारत होते की हा काय प्रकार, जो पडला तोच जिंकला? आता असं बघा, त्याच ऑलिंपिकमध्ये हीच लाथ तायक्वांदोच्या मॅटवर बसली असती तर रेफरीने काउंट केला असता, समोरचा उठला नसता तर मॅच तिथेच संपली असती आणि गोल्ड हमेदीच्या गळ्यात असतं. लाथ तीच, निकाल बरोबर उलटा. कराटे आणि तायक्वांदोमधला फरक एका मॅचमध्ये समजावायचा असेल तर मी हीच फायनल दाखवतो.

कराटेच्या कुमितेत वार पूर्ण वेगाने, पूर्ण इराद्याने जायला हवा, पण चेहऱ्याशी पोचल्यावर फार तर स्पर्श. अंगावर थोडा कॉन्टॅक्ट चालतो, तोही आवरलेलाच, आणि लहान मुलांच्या गटात तर चेहऱ्याला हातच लावायचा नाही. पॉइंट द्यायला माणसं बसलेली असतात, ती बघतात की टेक्निक स्वच्छ होतं का, जोर होता का, अंतर बरोबर होतं का, मारल्यानंतर लक्ष टिकलं का. म्हणजे तुम्ही दाखवून देता की हा लागला असता. तायक्वांदोत असा "लागला असता" हा भागच नाही. 2012 च्या लंडन ऑलिंपिकपासून छातीच्या गार्डमध्ये, ज्याला हॉगू म्हणतात, सेन्सर असतात, पुढे हेडगार्डमध्येही आले, पायात सेन्सरचे मोजे, आणि वजनगटाप्रमाणे किती जोर लागला की पॉइंट द्यायचा हे मशीनमध्ये सेट केलेलं असतं. तेवढा जोर पोचला तर स्क्रीनवर 2, नाही पोचला तर काही नाही, मग लाथ दिसायला कितीही सुंदर असो. 

आमच्याकडे नववीतला एक मुलगा आला होता, कराटेचा ब्राऊन बेल्ट, चांगल्या सेन्सेईंकडे शिकलेला हे उभं राहण्यावरनंच कळत होतं. त्याची मावाशी-गेरी, म्हणजे बाजूने गोल येणारी लाथ, बघत राहावी अशी, गुडघा वर, कंबर वळली, पाय सुटला, हॉगूला जेमतेम टेकला आणि त्याच रस्त्याने परत. आणि स्कोअर शून्य. समोरची मुलगी ग्रीन बेल्ट, तिची लाथ त्याच्याइतकी देखणी अजिबात नाही, पण कंबर पूर्ण आत घालून मारायची, तिचे दोन-दोन पॉइंट चढत चालले. तो पोरगा माझ्याकडे बघतोय की सर, मशीन बिघडलंय का. मशीन ठीक होतं. मी त्याला पॅड धरून दिलं तेव्हा नीट दिसलं, उभ्या पायाची टाच अर्धीच फिरत होती, कारण त्याच्या अंगाला इतक्या वर्षांत परत यायची सवय लागलेली, पूर्ण टाच फिरवली तर पाय आरपार जातो आणि मग परत आणता येत नाही. पॅडवर त्याच्या लाथेचा आवाज "टप्" आणि त्या मुलीचा "फाट्ट". सरांनी त्याला एकच सांगितलं, हॉगूला मारू नकोस, हॉगूच्या मागे वीतभर जागा आहे तिथे मार. अख्खा सीझन गेला त्यात, कारण टेक्निक नव्हतं शिकायचं, थांबण्याची सवय मोडायची होती.

उलटंही तितकंच होतं. आमच्या क्लासची एक ब्लॅक बेल्ट मुलगी कॉलेजसाठी दुसरीकडे गेली, तिथे कराटे डोजोला जायला लागली, पहिल्या दिवसांत नुसत्या वॉर्निंग, जरा पाय उचलला की कॉन्टॅक्ट. सेन्सेईंनी तिला भिंतीसमोर उभं केलं आणि सांगितलं भिंतीला पाय न लावता पूर्ण वेगाने लाथ मार, अंतर वाढवायचं नाही. करून बघा घरी, हळू नाही, पूर्ण वेगाने, मग कळेल कंट्रोल काय चीज आहे ते. आणि दुसरा त्रास तिला पंचचा झाला. तायक्वांदोत चेहऱ्यावर पंच मारायला मनाई आहे, त्यामुळे हात खाली असतात, हॉगू झाकायला, किंवा नुसतेच लोंबकळत. कराटेवाल्याला समोर उघडा चेहरा म्हणजे सरळ ग्याकू-झुकी (मागच्या हाताचा पंच), एक पॉइंट, परत एक पॉइंट.

आता ते हात-पाय प्रकरण आपोआप सुटतं बघा. पूर्ण जोराने मारायचं म्हटल्यावर चेहऱ्यावरचा पंच नियमातनं काढला, अंगावर पंचला फक्त 1, तोही कॉर्नरच्या जजेसना स्पष्ट दिसला तर, लाथेला अंगावर 2, डोक्यावर 3, आणि फिरून मारली तर आणखी 2 वर. मग खेळाडू पायच वापरणार ना! अंतर लांब झालं, पुढचा पाय हवेत ठेवून खेळायची पद्धत आली. (हे पुढचा पाय उचलून एका पायावर नाचत राहणं मला मनापासून आवडत नाही, सेन्सरला नुसतं ढकलून पॉइंट घेतात, जुन्या मॅचेसमध्ये लाथ लागल्यासारखी लागायची.) कराटेत थांबवायचं असल्यामुळे हात चेहऱ्यापर्यंत सुरक्षितपणे नेता येतो, म्हणून पंच जिवंत राहिला, अंतर जवळचं राहिलं, आत घुसून मारून बाहेर येणं हा खेळ झाला. सगळं त्या एका गोष्टीतनं निघतं.

दोन्हीकडचे लोक यावरनं एकमेकांना नावं ठेवतात आणि दोन्हीकडे मला तितकंच वाईट वाटतं. "कराटे म्हणजे नुसतं नाटक, लागतच नाही" म्हणणाऱ्याने ती भिंतीची लाथ मारून दाखवावी. आणि "तायक्वांदो म्हणजे आंधळी मारामारी" म्हणणाऱ्याने हॉगू बांधून तीन राउंड उभं राहावं, लाथ खाऊन श्वास न सोडता परत पुढे जाणं ही शिकावीच लागणारी गोष्ट आहे, आपोआप येत नाही.

मग इतकी सरमिसळ का झाली? कारण मूळ खरंच जवळचं आहे. कोरियावर 1910 ते 1945 जपानचं राज्य होतं, बरेच कोरियन तरुण जपानमध्ये शिकायला होते, तिथे कराटे शिकले. ली वोन-कुक हे टोकियोत शोटोकान शिकून आले आणि 1944 मध्ये सोलमध्ये त्यांनी चुंग दो क्वान ही शाळा सुरू केली. त्या पिढीच्या शाळांमध्ये शिकवले जाणारे फॉर्म सरळ कराटेचे काता होते, पोशाख तोच, बेल्ट-डान तेच. तायक्वांदो हे नाव 1955 मध्ये आलं, आज ऑलिंपिकमध्ये असलेल्या तायक्वांदोची जागतिक संघटना 1973 मध्ये. तायक्वांदोवाले काही जण हजारो वर्षांची परंपरा सांगतात तेव्हा हा मधला भाग गाळतात, तेही मला पटत नाही, जिथनं आलं ते मोकळेपणाने सांगावं. पण छातीला गार्ड बांधून पूर्ण जोराने मारायचं ठरल्यावर वाट बदलली ती बदललीच. बेल्ट सारखे दिसतात म्हणून दोन्ही एकच म्हणणं म्हणजे लिपी एक आहे म्हणून मराठी आणि हिंदी एकच म्हणण्यासारखं आहे.

जाणकार लगेच म्हणतील क्योकुशिनचं काय. बरोबर आहे, मास ओयामांचं क्योकुशिन कराटे फुल कॉन्टॅक्ट आहे, गार्डबिर्ड नाही, ग्लोव्ह्ज न घालता मुठीने अंगावर मारतात, फक्त चेहऱ्यावर पंच नाही. आणि आयटीएफ या दुसऱ्या संघटनेच्या तायक्वांदोत ग्लोव्ह्ज घालून चेहऱ्यावर पंच चालतो, पण कॉन्टॅक्ट आवरलेला असतो. म्हणजे नावावर जाऊच नका, तुमच्या क्लासमध्ये वार थांबवतात की पोचवतात ते बघा. हे दोन अपवाद माहीत असलेला शिक्षक सापडला तर मी म्हणेन तिथेच नाव घाला.

आता व्यवहाराचं. ऑलिंपिकचं स्वप्न असेल तर तायक्वांदो, ते 2000 च्या सिडनीपासून मेडल स्पोर्ट आहे, कराटे फक्त टोकियोत होतं, पॅरिसला नव्हतं आणि 2028 च्या लॉस एंजेलिसमध्येही नाही. आशियाई स्पर्धा आणि शालेय स्पर्धांमध्ये दोन्ही आहेत. क्रीडा गुणांसाठी टाकत असाल तर क्लासवाल्याच्या शब्दावर राहू नका, कुठल्या स्पर्धेचं सर्टिफिकेट चालतं ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, भिंतीवर लावलेल्या चकचकीत "इंटरनॅशनल" सर्टिफिकेटांना तिथे कोणी विचारत नाही.

मला विचाराल तर सहा-सात वर्षांच्या मुलाला मी आधी कराटेला घालेन, आवरायला शिकायचं ते वय आहे. तेरा-चौदाची उंच, लांब पायांची, मॅच खेळायची हौस असलेली मुलगी असेल तर डोळे झाकून तायक्वांदो. चाळिशीत सुरू करायचं असेल तर परत कराटे, कारण काता एकट्याने घरी वर्षानुवर्षं करता येतो आणि गुडघ्यांवर त्या फिरत्या लाथांचा भार पडत नाही. आणि नुसतं सेल्फ डिफेन्ससाठी विचारत असाल तर दोन्हीत एकेक भोक आहे, कराटेवाल्याने खरा मार खाल्लेला नसतो आणि तायक्वांदोवाल्याला चेहऱ्यावरचा हात दिसत नाही, त्यामुळे ज्या क्लासमध्ये हे भोक बुजवायला वेगळा सराव घेतात तोच निवडा, तसं विचारलं तर चांगला शिक्षक रागवत नाही.

तायक्वांदो ठरलंच तर सामान जास्त लागतं हे लक्षात ठेवा. हॉगू क्लासचा वापरला तर चालेल, पण गमशील्ड, ग्रोइन गार्ड आणि हेडगार्ड स्वतःचंच घ्या. हेडगार्ड घेताना मुलाला घालून मान जोरात हलवायला सांगा, डोळ्यावर सरकला तर एक नंबर लहान मागा.