आयआरक्यू १६ वर कोण ओरडतंय?

आठ-दहा व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, म्हणजे ‘गेस्ट’) सांभाळणारा लिनक्स होस्ट, म्हणजे त्यांच्याखालचा खरा संगणक, महिनोन् महिने मुकाट चालतो आणि एके दिवशी त्यातल्या एकाच मशीनची डिस्क रांगायला लागते. प्रोसेसर मोकळा, मेमरी शिल्लक, डिस्कची तब्येत ठणठणीत. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी चाळल्या की मध्येच एक ओळ सापडते: ‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’, म्हणजे १६ नंबरच्या हाकेची कोणी दखलच घेतली नाही. खाली कॉल ट्रेसची (त्या क्षणी कर्नलमध्ये काय चालू होतं त्याची) लांबलचक जंत्री आणि शेवटी ‘डिसेबलिंग आयआरक्यू #१६’. डिस्क किंवा केबल बदलायला धावण्याआधी ही ओळ नीट वाचावी, कारण कर्नलने आजाराचं नाव आणि स्वतः केलेला उपाय अशा दोन्ही गोष्टी तिथे लिहून ठेवलेल्या असतात.

इंटरप्ट म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला मारलेली हाक, आणि ती ज्या तारेवरून येते तिचा नंबर म्हणजे आयआरक्यू. नेटवर्क कार्डावर पॅकेट आलं, डिस्कने मागितलेला डेटा आणून ठेवला, की कार्ड एक संकेत देतं आणि प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवून त्या उपकरणाच्या ड्रायव्हरला (ते चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) बोलावतो. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये या कामाला ८२५९ जातीच्या दोन चिप होत्या. दोन्ही मिळून १६ तारा, त्यातली एक दुसरी चिप पहिलीला जोडण्यात खर्ची पडे, उरल्या १५. त्या काळात दोन कार्डांना एकच नंबर दिला की सहसा दोन्हीही धड चालत नसत.

१९९२ मध्ये पीसीआय ही कार्डं बोर्डाला जोडण्याची पद्धत आली आणि तार वाटून घेणं रीतसर मान्य झालं. प्रत्येक स्लॉटला ए, बी, सी, डी अशा चार इंटरप्ट पिना. पण एकच काम करणाऱ्या कार्डाने ए वापरायची असा नियम. मग सगळ्यांची गर्दी एकाच तारेवर होऊ नये म्हणून बोर्ड बनवणारे प्रत्येक स्लॉटला पिनांची जोडणी एक घर पुढे सरकवतात. हे फिरवणं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. इंटेलच्या चिपसेटवर या सगळ्या तारा शेवटी आठ मार्गांवर येतात आणि लिनक्सला त्या आयआरक्यू १६ ते २३ म्हणून दिसतात. तक्रारीत १६, १७, १८ हेच आकडे पुन्हा पुन्हा का येतात, ते यावरून कळेल.

वाड्याच्या दिंडीला एकच घंटी आणि आत चार बिऱ्हाडं, तशी ही व्यवस्था. घंटी वाजली की प्रत्येकाने डोकावून ‘माझ्याकडे कोणी आलंय का’ हे बघायचं. कर्नलही तेच करतो: त्या तारेवर नाव नोंदवलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला ओळीने विचारतो. ड्रायव्हर आपल्या उपकरणाचा स्टेटस रजिस्टर (स्थिती सांगणारा कप्पा) वाचतो आणि ‘माझं होतं’ किंवा ‘माझं नव्हतं’ असं उत्तर देतो. हे वाचन प्रोसेसर आणि उपकरणं जोडणाऱ्या बस नावाच्या मार्गावरून जाऊन परत येतं. त्यात साधारण एक मायक्रोसेकंद जातो आणि तेवढा वेळ प्रोसेसर थांबून असतो. शिवाय पीसीआयची तार ‘लेव्हल’ पद्धतीची आहे: उपकरणाचं काम होईपर्यंत संकेत तसाच धरून ठेवला जातो. सगळ्यांनी ‘माझं नव्हतं’ म्हटलं आणि संकेत मात्र कायम राहिला, तर प्रोसेसर बाहेर पडतो न पडतो तोच पुन्हा आत ओढला जातो.

हे चक्र तोडायला लिनक्सने एक मर्यादा घातली आहे. एका तारेवर एक लाख इंटरप्ट मोजले आणि त्यातले ९९,९०० हून जास्त बेवारस निघाले, तर ती तार बंद. अधूनमधून येणारा एखादा चुकार इंटरप्ट या हिशेबात साठत नाही, कारण दोन बेवारस हाकांमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त अंतर पडलं की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. खरं नुकसान तार बंद झाल्यावर होतं. तिच्यावरच्या निरपराध उपकरणांचाही आवाज त्याच क्षणी बंद होतो. कर्नल त्यांना अगदी वाऱ्यावर सोडत नाही. सेकंदाला सुमारे दहा वेळा स्वतःहून विचारपूस करतो. हजारो इंटरप्टची सवय असलेल्या डिस्क कंट्रोलरला दहावर जगावं लागलं की तो मरत नाही, रांगतो. सुरुवातीला सांगितलेलं लक्षण हेच.

तार वाटून घेणं हा स्वतःहून दोष नाही. ऑफिसातल्या साध्या संगणकावरही दोन-तीन उपकरणं एका नंबरावर सुखाने नांदत असतात. घोळ होतो तो हाकेला मालकच नसला तर, किंवा एकाच तारेचे दोन मालक झाले तर. व्हर्च्युअलायझेशन होस्टवर दोन्ही गोष्टी सहज घडतात, कारण तिथे काही उपकरणं होस्टची असतात आणि काही आपण मुद्दाम गेस्टच्या हवाली केलेली.

तपासाची सुरुवात ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’ या फाईलपासून करावी. प्रत्येक ओळीत आधी नंबर, मग प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरवर आलेल्या इंटरप्टची संख्या, मग प्रकार आणि शेवटी ड्रायव्हरांची नावं. शेवटी स्वल्पविराम देऊन दोन नावं असतील, उदाहरणार्थ ‘ईएचसीआय_एचसीडी’ आणि ‘आय८०१_एसएमबस’, तर ती तार सामायिक. एकच वाचन फसवतं, कारण आकडे मशीन सुरू झाल्यापासूनचे असतात. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचून वजाबाकी करावी. रिकाम्या यूएसबी कंट्रोलरच्या ओळीवर सेकंदाला हजारो इंटरप्ट वाढताना दिसले, तर कोणीतरी त्याच्या तारेवरून ओरडतंय. मग ‘/प्रॉक/आयआरक्यू/१६/स्प्युरियस’ ही छोटी फाईल बघावी. तीत एकूण मोजणी, बेवारस मोजणी आणि शेवटचा बेवारस इंटरप्ट कधी आला एवढंच असतं, आणि निदानाला तेवढं पुरतं.

नोंदींमध्ये ‘हँडलर्स’ या शब्दाखाली तारेवर नाव असलेल्या ड्रायव्हरांची यादी येते. बहुतेकांचा संशय याच यादीवर जातो. पण गुन्हेगार पुष्कळदा यादीत नसतोच, कारण त्याला ड्रायव्हरच नसतो! गेस्टला द्यायचं म्हणून एखाद्या कार्डाचा ड्रायव्हर होस्टवर काळ्या यादीत टाकला, पण ते कार्ड व्हीएफआयओच्या, म्हणजे उपकरण थेट गेस्टला देणाऱ्या कर्नलच्या भागाच्या, ताब्यात द्यायचं राहून गेलं, असं फार वेळा होतं. बायोसने (बोर्डावरच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरने) सुरू होताना कीबोर्डसाठी यूएसबी कंट्रोलर जागा केलेला असतो. पुढे त्याला कोणी विचारलंच नाही तर त्याची हाक ऐकणारं कोणी उरत नाही. म्हणून ‘एलएसपीसीआय’ ही पीसीआय उपकरणांची यादी देणारी आज्ञा ‘-के’ लावून चालवावी आणि ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ कोणत्या उपकरणापुढे नाही ते आधी शोधावं.

त्याच आज्ञेला ‘-व्हीव्ही’ जोडलं की प्रत्येक उपकरणाची पिन, त्याचा आयआरक्यू नंबर आणि एमएसआयची (तारेऐवजी संदेशाने हाक मारण्याच्या पद्धतीची) स्थिती कळते. आज्ञा रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून द्यावी, नाहीतर क्षमतांच्या जागी नुसतं ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं. एमएसआयमध्ये तारेची गरजच संपते: उपकरण ठरलेल्या पत्त्यावर एक छोटा संदेश लिहितं आणि तोच इंटरप्ट होतो. साध्या एमएसआयमध्ये एका उपकरणाला ३२ पर्यंत, तर एमएसआय-एक्समध्ये २०४८ पर्यंत वेगळे संदेश मिळू शकतात, त्यामुळे वाटून घ्यायचा प्रश्नच उरत नाही. ‘एमएसआय: इनेबल’ पुढे उणे चिन्ह असेल तर उपकरणाला जमतं, पण कोणीतरी बंद ठेवलंय असा अर्थ. तो ‘कोणीतरी’ बहुधा बूट ओळीतच, म्हणजे कर्नलला सुरू होताना दिलेल्या सूचनांतच, सापडतो: कधीकाळी कशावरचा तरी तोडगा म्हणून टाकलेलं ‘पीसीआय=नोएमएसआय’, जे नंतर काढायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ती ओळ दाखवणारी ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ ही फाईल वाचायला दोन सेकंद लागतात. इतर कशालाही हात लावण्याआधी ते वाचावं. स्टोरेज ड्रायव्हरच्या सेटिंगमध्येही असंच जुनं ‘एमएसआयएक्स_डिसेबल’ दडलेलं असू शकतं.

आता दोन मालकांचा प्रकार. गेस्टला कार्ड दिलं, मशीन सुरू करायला गेलं आणि क्यूईएमयूने (गेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ म्हणून पाठ फिरवली. होस्टच्या नोंदीत त्याच वेळी ‘फ्लॅग्स मिसमॅच आयआरक्यू १६’ उमटतं. एका बाजूला ‘व्हीएफआयओ-आयएनटीएक्स’ (आयएनटीएक्स म्हणजे तारेवरचा इंटरप्ट), दुसऱ्या बाजूला बहुधा एखादा यूएसबी ड्रायव्हर. कारण असं: इंटरप्ट आधी होस्टकडे येतो, पण त्या कार्डाला शांत कसं करायचं हे फक्त गेस्टमधल्या ड्रायव्हरला ठाऊक असतं. तो धावून येईपर्यंत होस्टला संकेत दाबून ठेवावाच लागतो. पीसीआय २.३ पाळणाऱ्या कार्डाच्या कमांड रजिस्टरमधला दहावा बिट चढवला की तेवढं एक कार्ड गप्प होतं आणि तार इतरांना मोकळी राहते. ‘एलएसपीसीआय’मध्ये हा बिट ‘डिसआयएनटीएक्स’ नावाने दिसतो. जुन्या किंवा अर्धवट बनवलेल्या कार्डात तो चालत नसेल, तर होस्टला अख्खी तार दाबावी लागते. त्या तारेवर होस्टची डिस्क असली तर तिने गेस्टच्या मर्जीवर जगायचं का? व्हीएफआयओ यासाठीच तार एकट्यासाठी मागतो आणि न मिळाल्यास सरळ नकार देतो. हा नकार योग्यच आहे.

व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्स ३ या जुन्या होस्ट सॉफ्टवेअरमध्ये हाच झगडा वेगळ्या वेषात होता. तिथे व्हीएमकर्नल हा ईएसएक्सचा स्वतःचा गाभा आणि लिनक्सवर बेतलेला सर्व्हिस कन्सोल अशी दोन सत्ताकेंद्रं होती. यूएसबी कन्सोलकडे, डिस्क आणि नेटवर्क व्हीएमकर्नलकडे. दोघांची उपकरणं एका तारेवर आली की डिस्कच्या प्रत्येक इंटरप्टसाठी कन्सोललाही उठवावं लागे आणि पहिल्या कोअरचा जीव त्या ये-जा करण्यातच जाई. बायोसमध्ये यूएसबी बंद करणं हा तेव्हाचा पहिला उपाय. त्यानंतरच्या ईएसएक्सआयमध्ये कन्सोलच गेला, त्यामुळे तो प्रकार मिटला. तरी संशय आलाच तर ‘ईएसएक्सटॉप’ या त्याच्या आकडे दाखवणाऱ्या साधनात ‘आय’ दाबलं की प्रत्येक व्हेक्टरवर (इंटरप्टच्या नंबरावर) कोणती उपकरणं आहेत आणि सेकंदाला किती इंटरप्ट येतात ते दिसतं.

उपायांना क्रम असतो. पहिला मान एमएसआय सुरू करण्याचा. तो जमला की बाकीचं सगळं गौण. पाठोपाठ बायोस आणि कार्डाचं फर्मवेअर ताजं करावं. नको असलेली उपकरणं, म्हणजे जुने यूएसबी कंट्रोलर, सिरियल-पॅरलल पोर्ट, सर्व्हरवर कोणीही न ऐकणारं ऑडिओ, बायोसमध्येच बंद करावीत. तरीही टक्कर राहिली तर कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये सरकवावं. पिनांची जोडणी स्लॉटगणिक एक घर पुढे जाते म्हणून १६ वरचं कार्ड नुसतं सरकवल्याने १७ वर जाऊ शकतं. बोर्डाच्या पुस्तिकेत आयआरक्यूचा तक्ता असला तर अंदाज करायचीही गरज नाही. कार्ड हलवल्यावर त्याचा पीसीआय पत्ता बदलतो, आणि काही वेळा इतर कार्डांचेही बदलतात. गेस्टच्या सेटिंगमधले पत्ते आणि होस्टवरची नेटवर्क कार्डांची नावं तपासल्याशिवाय रॅकचं दार लावू नये.

बायोसमधल्या ‘पीसीआय आयआरक्यू असाइनमेंट’च्या रकान्यांत मात्र वेळ घालवू नये. ते आकडे जुन्या ८२५९ च्या व्यवस्थेसाठी असतात. आजच्या कर्नलला जोडणीचा नकाशा एसीपीआयच्या, म्हणजे बायोसने दिलेल्या हार्डवेअरच्या वर्णनाच्या, तक्त्यातून मिळतो. ‘आयआरक्यूबॅलन्स’चंही तसंच. तो इंटरप्ट वेगवेगळ्या कोअरवर वाटतो, पण एका तारेवरची सगळी उपकरणं एकत्रच हलतात. आणि ‘आयआरक्यूपोल’ वापरून बघा, हा ‘नोबडी केअर्ड’च्या ओळीतच खुद्द कर्नलने दिलेला सल्ला होस्टवर कायमचा ठेवण्याजोगा नाही. त्याने टायमरच्या प्रत्येक ठोक्याला सगळे हँडलर चाळले जातात. निदानापुरता लावावा आणि काढून टाकावा.

एक चकवा इंटेलच्या काही सर्व्हर चिपसेटवर भेटतो. कर्नलने एखादी तार थोडा वेळ झाकली की चिपसेटला वाटतं, जुनी ऑपरेटिंग सिस्टिम चालू आहे. मग तो तोच इंटरप्ट दुसऱ्या, जुन्या मार्गानेही पाठवतो. त्या मार्गावर ऐकणारं कोणी नसतं आणि भलतीच तार बंद पडते. याला ‘बूट इंटरप्ट’ म्हणतात. दोन वेगळ्या तारांवर बरोबर सारख्याच वेगाने आकडे वाढताना दिसले तर याची शंका घ्यावी. लिनक्समध्ये अनेक चिपसेटसाठी यावरची दुरुस्ती आधीच आहे, म्हणून कर्नल नवा करणं हाच इथे सोपा रस्ता.

होस्ट नीट झाला तरी गेस्टमध्ये डोकवावं. होस्टच्या ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’मध्ये दिलेल्या कार्डापुढे ‘व्हीएफआयओ-आयएनटीएक्स’ असेल तर गेस्टचा ड्रायव्हर अजून तारच वापरतोय. ‘व्हीएफआयओ-एमएसआय’ किंवा ‘एमएसआयएक्स’ हवं. विंडोज गेस्टमध्ये ग्राफिक्स कार्ड दिल्यावर आवाज तडतडतो, त्यामागे अनेकदा हेच असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयआरक्यूचा आकडा उणे दिसला तर एमएसआय चालू आहे. साधा अधिक आकडा असेल तर रजिस्ट्रीत त्या उपकरणाखाली ‘एमएसआयसपोर्टेड’ ची किंमत १ करून गेस्ट पुन्हा सुरू करावा. ड्रायव्हरला एमएसआय जमत नसेल तर उपकरण सुरूच होणार नाही, म्हणून आधी स्नॅपशॉट घेतलेला बरा.

काही कार्डांचा नाद मात्र सोडलेला बरा. टेलिफोन लाइन घेणारी जुनी पीसीआय कार्डं घ्या: आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, दर ८ नमुन्यांना एक इंटरप्ट, म्हणजे सेकंदाला १,००० आणि प्रत्येक इंटरप्टला जेमतेम एक मिलिसेकंद. त्यातला एक जरी उशिरा पोचला तरी फोनवर खट् असा आवाज ऐकू येतो. अशा कार्डाला एमएसआय नसेल, ‘डिसआयएनटीएक्स’ही चालत नसेल, तर ते वेगळ्या साध्या संगणकात ठेवावं किंवा नेटवर्कवरून बोलणारा गेटवे घ्यावा, होस्टवर स्लॉट बदलत बसण्यात जाणाऱ्या वेळापुढे तो स्वस्त पडतो.