बेनाकचा वळणरस्ता : पूल झालाच नाही, त्याची पार्श्वभूमी

नैर्ऋत्य फ्रान्समधल्या पेरिगोर भागात फिरायला जाणाऱ्यांच्या यादीत बेनाक आता ठरलेलेच असते. दोर्दोन्य नदीचे वळण, त्यावर सुमारे 150 मीटर उंचीचा चुनखडीचा कडा, कड्यावर 12व्या शतकातला किल्ला आणि तिथून पाण्यापर्यंत उतरत आलेली पिवळसर दगडी घरे. हे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये गाडीने गेलेल्यांना मात्र कडा आणि नदी यांच्या बेचक्यातल्या एकमेव रस्त्यावर अडकलेली वाहनांची रांगही भेटते. आणि गेल्या काही वर्षांत गेलेल्यांनी गावाजवळ नदीच्या पात्रात काँक्रीटचे खांब पाहिले, ज्यांच्यावर पूल नव्हता. हे खांब आले कुठून, हे समजल्याशिवाय आजचे बेनाक समजत नाही.

किल्ल्याचा इतिहास मार्गदर्शक पुस्तकांत भरपूर मिळतो, त्यामुळे तो इथे थोडक्यात. इंग्रज आणि फ्रेंच राजांच्या शंभर वर्षांच्या झगड्यात दोर्दोन्य ही बराच काळ प्रत्यक्ष सीमाच होती. बेनाक फ्रेंचांच्या बाजूला. समोरच्या तीरावरचा कास्तेलनोचा किल्ला वारंवार इंग्रजांकडे. दोन्ही किल्ले आजही एकमेकांकडे रोखून पाहतात, आणि पर्यटकांना नेमके हेच दृश्य हवे असते.

पुढची काही शतके नदीने सरहद्द सोडून रस्त्याचे काम केले. वरच्या डोंगराळ भागातले लाकूड, पिंपांच्या फळ्या, द्राक्षवेलींना आधार द्यायचे खुंट असा माल गाबार नावाच्या सपाट तळाच्या होड्यांतून खाली बर्जराक आणि लिबूर्नकडे जायचा. तिथल्या वाइनवाल्यांना पिंपे लागत. नदीला बारमाही पाणी असले तरी माल वाहण्याजोगे पाणी वर्षातले थोडेच आठवडे असे. वरच्या भागातून आलेल्या कित्येक होड्या परत चढवणे परवडत नसे. खाली पोचल्यावर त्या मोडून त्यांचेही लाकूड विकून टाकत. आज धक्क्यावरून सुटणाऱ्या सहलीच्या गाबारी मोटरवर चालतात आणि तासाभरात माणसांना परत आणून सोडतात. आकार जुना आहे, बाकी सगळे नवे.

19व्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आली आणि होड्या बंद पडल्या. नदीकाठच्या गावांचा धंदाच बसला. नवी घरे बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुनी उरली. बेनाकचे जे रूप आपण ‘जतन केलेले’ म्हणतो, त्यातले बरेचसे अशा ओढगस्तीतून टिकलेले आहे. ठरवून केलेले जतन फार उशिरा सुरू झाले. मोडकळीला आलेला किल्ला 1960च्या दशकाच्या सुरुवातीला एका खासगी मालकाने विकत घेऊन दुरुस्तीला घेतला. 1982 मध्ये फ्रान्सच्या सर्वांत सुंदर खेड्यांची एक संघटना उभी राहिली. 2000 पेक्षा कमी वस्ती आणि संरक्षित वास्तू किंवा स्थळे या तिच्या मुख्य अटी. सुमारे साडेपाचशे वस्तीचे बेनाक या यादीत आहे, आणि पाटी लागली की गाड्या येतात हा अनुभव यादीतल्या बऱ्याच गावांना आहे.

आता मुख्य प्रकरण. गावातून जाणारा जिल्हामार्ग इतका अरुंद की समोरासमोर दोन मोठी वाहने आली तर एकाने मागे सरायचे. यावर तोडगा म्हणून सुमारे 3.2 किलोमीटरचा वळणरस्ता पुढे आला. तो गावाला वळसा घालून नदीवर दोन पूल बांधून जाणार होता. 2001 मध्ये प्रकल्प सार्वजनिक उपयोगाचा असल्याचे सरकारने जाहीर केले आणि नंतर कितीतरी वर्षे हे घोंगडे भिजत पडले. जिल्ह्यातले सत्ताधारी बदलले की उत्साहही बदलायचा. शेवटी जानेवारी 2018 मध्ये केंद्र सरकारच्या जिल्हा प्रतिनिधीने परवानगी दिली आणि जिल्हा परिषदेने लगोलग काम काढले. खर्चाचा आकडा सुमारे 3 कोटी 20 लाख युरो.

विरोधकांनी न्यायालयात धाव घेतली. बोर्दोच्या प्रशासकीय न्यायालयाने स्थगिती नाकारली, त्यामुळे काम चालू राहिले आणि खांब पाण्यातून वर आले. 28 डिसेंबर 2018 ला देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने काम थांबवले. 9 एप्रिल 2019 ला त्याच बोर्दोच्या न्यायालयाने परवानगीच रद्द केली आणि बांधलेले पाडून जागा होती तशी करायला सांगितले. डिसेंबर 2019 मध्ये अपील फेटाळले गेले. जून 2020 मध्ये सर्वोच्च न्यायपीठाचा दरवाजाही बंद झाला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण बाहेरच्या बहुतेक वृत्तांतांत ती चुकते. हा रस्ता किल्ल्यांसाठी थांबला नाही. खटल्याबाहेर भांडण दृश्याचेच होते. एका नजरेत मावणारे बेनाक, कास्तेलनो, फेराक आणि मार्केसाक हे किल्ले-वाडे, मध्ये नदी, आणि त्यात काँक्रीट. पण परवानगी पडली ती संरक्षित प्राणी-वनस्पतींच्या कायद्यावर. वटवाघळांसारख्या संरक्षित प्राण्यांच्या अधिवासाला धक्का लावायचा तर युरोपीय नियमांप्रमाणे तीन अटी एकत्र पुऱ्या कराव्या लागतात: दुसरा समाधानकारक पर्याय नसणे, त्या प्रजातींच्या टिकण्याला बाधा न येणे, आणि प्रकल्पामागे टाळताच येणार नाही असे मोठे सार्वजनिक हित असणे. घोडे पेंड खाल्ले ते या तिसऱ्या अटीवर. कोंडी मुख्यतः उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती असते, तेवढ्यासाठी हे हित सिद्ध होत नाही, असा न्यायालयाचा निष्कर्ष. रस्ता उपयोगी ठरला असता, हे तेवढ्याने खोटे ठरत नाही. उपयोगी असणे आणि अपरिहार्य असणे यांत कायदा फरक करतो, आणि 2001 च्या जाहीरनाम्याने फक्त पहिल्याचे उत्तर दिले होते.

रस्त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे अगदीच वाऱ्यावर सोडण्याजोगे नाही. मुख्य रस्त्यावर ज्यांची घरे आहेत त्यांच्या उंबऱ्याला ट्रक घासून जातात, आणि नदीपलीकडच्या वाड्यांच्या मालकांचा व उंचावरून फोटो काढणाऱ्यांचा आवाज पॅरिसपर्यंत जास्त पोचतो, ही त्यांची तक्रार. जिल्हा परिषदेने पैसा आधीच खर्च झाल्याचा मुद्दाही वारंवार मांडला. तो मात्र मला पटत नाही. खटले डोक्यावर असताना घाईने खांब रोवायचे आणि मग रोवले आहेत म्हणून राहू द्या म्हणायचे, हा युक्तिवाद मान्य केला तर परवानगीला काही अर्थच उरत नाही.

निकाल अंतिम झाला, तरी पाडकाम सुरू होईना. पाडण्यानेच नदीचे जास्त नुकसान होईल, असे एक उत्तर होते. नंतर त्याच खांबांवरून सायकलवाटेसह वेगळा प्रकल्प करू, असा प्रस्ताव आला. विरोधकांच्या मते तो मागच्या दाराने आणलेला जुनाच रस्ता होता. जुलै 2022 मध्ये अपील न्यायालयाने हे सारे बाजूला ठेवून पाडकामाची मुदत घालून दिली आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाला 3000 युरोंचा दंड लावला. त्यानंतरही पत्रव्यवहार, अभ्यास आणि दंडाची वसुली यांत वेळ गेला. कोंडीवरचा दुसरा तोडगा या सगळ्या गदारोळात मागे पडला. उन्हाळ्यात जवळच्या सार्ला शहराहून येणारी गाडी आजही त्याच बेचक्यातून जाते.